सँपलचे पाच पीस

किक मारून मोटारसायकल चालू करणारा माणूस आता शोधावा लागतो, ही गोष्ट चित्राला सुरेंद्रच्या कितीतरी आधी कळली होती. पण कळून उपयोग काय? तळवड्याच्या त्यांच्या शेडमध्ये किकच्या शाफ्टखेरीज दुसरं काही बनतच नव्हतं. किकचा दांडा ज्यावर बसतो तो वीतभर लांबीचा लोखंडी आस म्हणजे किकचा शाफ्ट. डोळ्यांना दिसत नाही, पण तो नसेल तर बसा लाथा घालत. शेडचं नाव चित्रेंद्र इंडस्ट्रीज. चित्रा आणि सुरेंद्र या दोन नावांची अशी गाठ मारून पाटी लावली, तेव्हा नवरा-बायकोला काय तो अभिमान वाटला होता! सुरेंद्रची आई म्हणाली होती, "ऐकायला देवाचं नाव वाटतंय, चालेल." आणि चाललं की. मोटारसायकलवाली मोठी कंपनी महिन्याच्या महिन्याला शाफ्ट मागत गेली, हे देत गेले. त्या शाफ्टांवर दिघीचा फ्लॅट झाला, लेकीचं लग्न झालं, शेडमधल्या माणसांची पोरं शिकली.

मग बटणावर चालू होणाऱ्या गाड्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग विजेवरच्या. कंपनीची मागणी उन्हाळ्यातल्या विहिरीसारखी आटायला लागली. सुरेंद्र मात्र ढिम्म.

"अगं, हा भारत आहे," तो म्हणायचा. "बॅटरी उतरली की माणूस शेवटी लाथच मारणार."

"बॅटरी उतरली की माणूस आता फोन करून मेकॅनिक बोलावतो," चित्रा म्हणायची. "आणि विजेच्या स्कूटरला लाथ मारून ती चालू होत नाही. नुसता पाय दुखतो."

मशीन आणि माणसं सुरेंद्रकडे, गिऱ्हाईक, दर्जा आणि 'पुढे काय' हा प्रश्न चित्राकडे, अशी त्यांची वाटणी पहिल्यापासूनची. त्यामुळे उद्योजकांच्या संघटनेने 'नवी उत्पादने, नवे बाजार' असलं काही ठेवलं की हॉलमध्ये चित्रा वही घेऊन पुढच्या रांगेत बसलेली असायची. अशाच एका दिवशी टाय लावलेल्या एका माणसाने पडद्यावर चार चौकोन काढून दाखवले. जुना माल जुन्या बाजारात, जुना माल नव्या बाजारात, नवा माल जुन्या बाजारात, आणि चौथा चौकोन, नवा माल नव्या बाजारात. हा चौथा सगळ्यात धोक्याचा बरं का, असं तो बजावून सांगत होता. चित्राच्या मनात आलं, बाबा रे, आमचे पहिले तीन चौकोन केव्हाच बुजले, धोक्याच्या चौकोनाशिवाय आम्हाला पाय ठेवायला जागा कुठेय? चहाच्या वेळी तिने त्याला ते विचारलंसुद्धा. तो हसला आणि त्याने आपलं कार्ड दिलं.

घरी येऊन तिने सुरेंद्रपुढे हिशेब मांडला. पैशांचा नाही, अकलेचा. मोठ्या कंपन्यांचे व्हेंडर ठरलेले असतात, तिथे आपल्याला कोणी दारात उभं करणार नाही. पण चाकणला एक नवी स्कूटर कंपनी आलीय, ती मोटर स्वतःच बनवणार आहे. तिचे व्हेंडर अजून ठरायचेत. आणि मोटरच्या पोटात काय असतं? एक शाफ्टच ना! आपल्याला बॅटरी येत नाही, सर्किट येत नाही, सॉफ्टवेअर तर नाहीच नाही. पण गोल लोखंड घासून गुळगुळीत करणं येतं.

"शाफ्ट तो शाफ्ट," ती म्हणाली. "किकचा काय आणि मोटरचा काय."

सुरेंद्रला हे पटलं. पटण्यासारखंच होतं. आणि पुढे जे झालं ते पाहून कोणी म्हणेल, बाईचं गणितच चुकलं, तर ते खोटं. गणित बरोबर होतं. घात झाला तो भलत्याच ठिकाणी.

चाकणच्या कंपनीत मोटरचं काम बघणारा सलिल नावाचा मुलगा होता. तिशीतला, टी-शर्ट घालून मीटिंगला येणारा, प्रत्येक वाक्यात 'भारी' म्हणणारा. मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्यात चित्राने उमेदीची वर्षं बाकावर बसून काढलेली. इथे या मुलाने स्वतः उठून कॉफी आणून दिली, तेव्हा तिला भरूनच आलं. त्याने ड्रॉइंग पुढे सरकवलं. बेअरिंग जिथे बसतं त्या जागेची जाडी फार काटेकोर हवी होती, इकडेतिकडे झालीच तर केसाच्या पाचव्या हिश्शाएवढी. चित्राने ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. आपला जुना ग्राइंडर एवढं सहज देतो, हे तिला ठाऊक होतं.

"पाच सँपल द्या मॅडम, मग पुढचं बोलू," सलिल म्हणाला.

आता सँपलचं एक शास्त्र आहे, ते भोसरी-तळवड्यात जन्म काढल्याशिवाय कळायचं नाही. कांदेपोह्यांच्या दिवशी कसं, एरवी दाराआड कोंबलेली रद्दीसुद्धा बाहेर जाते, शेजारणीच्या चांगल्या कपबश्या येतात, तसं सँपलचं. रोजचा माल मशीनवर निघतो. सँपल कधी रोजच्यासारखं द्यायचं नसतं. ते शेडमधल्या सगळ्यात चांगल्या हाताने, वेळ न बघता, जपून, घासूनपुसून बनवायचं असतं. समोरच्याची खात्री पटली की ऑर्डर, आणि ऑर्डर मिळाली की मग रोजचा माल, तोही ड्रॉइंगमध्ये बसणाराच, पण आपला रोजचा. यात फसवणूक आहे असं कोणाला स्वप्नातही वाटत नाही. सगळे असंच देतात.

चित्रेंद्रमधला सगळ्यात चांगला हात भैरूचा. आंबेजोगाईकडून तरुणपणी आलेला हा माणूस पाटी लागली त्या वर्षापासून शेडमध्ये होता. चित्राला तो वैनी म्हणायचा, सुरेंद्रला शेठ. कमी बोलायचा आणि तंबाखू सोडली तर व्यसन नाही. ग्राइंडरवरून शाफ्ट काढला की त्याच्यावर घासायची बारीक पेस्ट लावून तो हाताने असा फिरवत बसायचा की बाकीची पोरं कामं सोडून बघत राहायची.

वर्षाली म्हणून काळेवाडीची एक मुलगी शेडमध्ये माप तपासायला होती. ती म्हणाली, "मॅडम, मशीनवरचेच पाच देऊ ना. मी मोजलेत, ड्रॉइंगमध्ये बसतायत सगळे."

"अगं वेडे, सँपल असं देतात का?" चित्रा म्हणाली. मग भैरूकडे वळून, "भैरूभाऊ, असे करा की त्यांचे डोळे दिपले पाहिजेत."

"दिपतील की वैनी," भैरू म्हणाला.

आणि दिपले. भैरूने एकेका पीसला अर्धा अर्धा दिवस घातला. वर्षालीने मोजले तर पाचांत एकमेकांपासून केसाच्या पंधराव्या हिश्शाचाही फरक निघेना. तिने मायक्रोमीटर बिघडला की काय म्हणून दुसरा आणून पुन्हा मोजले. सुरेंद्रने पाचही पीस मऊ फडक्यात गुंडाळले आणि मिठाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवले, आणि चित्रा ते मांडीवर घेऊन चाकणला गेली. रस्त्यात तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या, पण त्या दिवशी तिला त्याचाही राग आला नाही.

काही दिवसांनी सलिलचा फोन आला. "मॅडम, काय शाफ्ट आहेत! आमच्या सगळ्या टीमने हातात घेऊन बघितले. भारी. तुम्हीच आमचे व्हेंडर."

चित्राने फोन ठेवला आणि शेडच्या मधोमध उभी राहून ओरडली, "मिळालं!" मशीनच्या आवाजात कोणाला काही ऐकू गेलं नाही, पण तिचा चेहरा बघून सगळ्यांना कळलं. सुरेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते डोळ्यांत धूळ गेली म्हणून खपवलं.

पण स्कूटरवाल्यांची एक अट होती. मोटरच्या शाफ्टला धूळ चालत नाही. त्याच्यासाठी वेगळी बंद खोली हवी, वेगळी मशीनं हवीत, आणि ती दुसऱ्या कोणाच्या कामाला लावायची नाहीत. शेड काही रबराची नव्हती. किकच्या शाफ्टच्या मशीनांची ओळ काढल्याशिवाय ती खोली होणार नव्हती.

इथे नवरा-बायकोचं वाजलं. सुरेंद्रचं म्हणणं, किकचं काम थोडं का होईना चालू ठेवू, शेजारची शेड भाड्याने बघू, एकदम हात सोडू नको. चित्राचं म्हणणं, दोन्ही दगडांवर पाय ठेवला की माणूस मध्ये आपटतो. जुन्या कामात माणसं अडकली तर नव्याकडे लक्ष कोण देणार? आणि किक अशीही मरणारच आहे, आज ना उद्या.

"मरेल तेव्हा मरेल. तू कशाला गळा दाबतेस?" सुरेंद्र म्हणाला.

"कारण तुझ्याच्याने दाबवणार नाही म्हणून," चित्रा म्हणाली. हे वाक्य नंतर तिला फार छळायचं.

सुरेंद्रने वाद सोडला. त्याचा तिच्यावर विश्वास होता, आणि दुर्दैव म्हणजे तो विश्वास आंधळा नव्हता, अनुभवाने आलेला होता. आजवर ती चुकली नव्हती.

मोटारसायकलच्या कंपनीत यशवंतराव नावाचे खरेदीचे जुने साहेब होते. चित्रा त्यांना भेटायला गेली आणि काम परत करते म्हणाली. ते कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. "वहिनी, जायचं तर जा," ते म्हणाले, "पण इथला नियम तुम्हाला माहीत आहे. काम एकदा दुसऱ्याकडे गेलं की आम्ही ते फिरवून आणत नाही." तिने मान डोलावली. किकचं काम राजकोटच्या एका कारखान्याकडे गेलं. तिच्या शेडमधली दाते पाडायची जुनी मशीन एका भोसरीवाल्याने नेली. ती टेम्पोत चढवताना भैरूने तिला हात लावून तो कपाळाला लावला, तेवढाच काय तो निरोप.

खोली झाली, जुना ग्राइंडर आत गेला. पांढरा रंग, रबरी फरशी, आत जाताना डोक्याला टोपी. पोरं एकमेकांना डॉक्टर म्हणून चिडवत होती. सगळं असं झकास जमून आल्यावर चाकणहून नवं ड्रॉइंग आलं.

चित्राने ते उघडलं. बेअरिंगच्या जागेचा आकडा बदलला होता. तिला वाटलं छपाईची चूक असेल, म्हणून तिने वर्षालीला बोलावलं. वर्षालीने पाहिलं आणि आकड्यावर बोट ठेवलं. केसाचा पाचवा हिस्सा नव्हे, पंधरावा. चित्रा तशीच गाडीत बसली आणि चाकणला गेली.

सलिल तिला बघून खूश झाला. "बघितलंत ना मॅडम? ते तुमच्यामुळेच!"

"माझ्यामुळे?"

"मग काय! तुमचे पाच पीस मोटरमध्ये बसवले, आणि आवाजच गेला हो मोटरचा. शांत एकदम. आमचे मोठे साहेब स्वतः येऊन ऐकून गेले. म्हणाले, आता स्कूटर विकायची तर हीच गोष्ट सांगून विकायची, सगळ्यात शांत स्कूटर. मग आम्ही ड्रॉइंगच तुमच्या पीसवरून बांधलं. बाकीच्यांना घाम फुटेल, पण तुम्हाला काय, तुम्ही तर देताच आहात."

चित्राच्या डोळ्यांसमोर शेडमधला जुना ग्राइंडर आला. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, अहो, ते पाच हाताने केले होते, रोज असे निघत नाहीत, जुना आकडा ठेवा, तो मी तुम्हाला झोपेत देईन. एवढीच चार वाक्यं. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, हे या पट्ट्यातलं बाळकडू. बारीक व्हेंडर एकदा नाही म्हणाला की त्याचं नाव कागदावरून जातं. जन्मभर तिने हो म्हणत म्हणत धंदा केला होता आणि मग रात्रीचा दिवस करून ते हो निभावलं होतं. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "हो हो. होईल ना."

त्या दिवसापासून शेडमध्ये मरणाची धडपड सुरू झाली. जुना ग्राइंडर कितीही साफ करा, तेल बदला, चाक बदला, तो आपल्या जातीवर गेल्याशिवाय राहीना. सकाळी दोन पीस बसले की दुपारी उन्हाने शेड तापली की चार बाहेर. भैरू एका बाजूला हाताने करत बसायचा, त्याचे सगळे बसत. पण हाताने तो दिवसाला करून करून किती करणार? आणि स्कूटर कंपनीला रोज टोपलीभर हवे होते. तसं काम देणारी मशीन परदेशातून यायची. तिच्या किमतीपुढे त्यांची शेड म्हणजे किस झाड की पत्ती. बँकेच्या साहेबाने तर ऑर्डरचा पक्का कागद असल्याशिवाय बोलूच नका म्हणून सांगितलं.

याच दिवसांत एकदा सलिल न सांगता शेड बघायला आला. आल्या आल्या म्हणाला, "ते सँपल ज्यांनी काढले, त्यांना भेटायचंय." भैरू हात पुसत पुढे झाला. सलिलने त्याचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. "काका, तुमच्या पीसवरून आमच्या कंपनीचं ड्रॉइंग बदललं. माहितीये तुम्हाला?"

भैरूला माहीत नव्हतं. तो एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्याने देहूगावातून पेढे आणले आणि अख्ख्या शेडला वाटले. पोरांना सांगत होता, "कंपनीचं ड्रॉइंग हाय राव, ड्रॉइंग! साहेब लोकांनी बनवलेलं. आपल्या पीसला बघून बदललं." खोक्यातला पहिला पेढा त्याने चित्राच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला. सुरेंद्रनेही खाल्ला. मग दोघं केबिनमध्ये जाऊन एकमेकांकडे न बघता बसून राहिले.

"त्याला सांगू नकोस," सुरेंद्र म्हणाला. "मोडून पडेल तो."

शेवटी चित्राच चाकणला गेली आणि सलिलला सगळं सांगून मोकळी झाली. सलिल आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे मॅडम, सँपल मशीनवरचे नव्हतेच?"

"मशीनवरून काढून हाताने केलेले. सगळेच तसे देतात."

"सगळे?" त्याने खरंच नवल वाटून विचारलं. बिचारा पुस्तकं वाचून आलेला, त्याला सँपल म्हणजे सँपल एवढंच माहीत होतं. "पण का? जुन्या ड्रॉइंगवर मोटर उत्तम चालत होती. तुम्ही तुमचे रोजचे पीस दिले असते तरी मी पास केले असते."

"मग जुनं ड्रॉइंग परत करा ना," चित्रा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने गिऱ्हाइकापुढे हात जोडले. "सलिल, मी तुमच्या आईच्या वयाची आहे. परत करा."

तो खरंच कळवळला. त्याने साहेबांना फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलला, आणि परत आला तेव्हा त्याच्याकडे बघूनच तिला कळलं. स्कूटरची सरकारी चाचणी नव्या ड्रॉइंगवर झाली होती. जाहिरातीत शांत स्कूटर म्हणून छापून आलं होतं. आता मागे फिरणं त्याच्या हातात नव्हतं. चाकणच्याच एका मोठ्या कारखान्याकडे तसली परदेशी मशीन होती, काम तिकडे गेलं.

चित्रा परतीच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडली. कंटेनर बाजूने हॉर्न देत जात होते. तिला राग कोणाचा आला असेल तर फक्त स्वतःचा. बाजार तिने बरोबर ओळखला होता, माल बरोबर निवडला होता, गिऱ्हाईकसुद्धा चांगलं शोधलं होतं. आणि हे सगळं करून तिने काय केलं, तर आहे त्यापेक्षा चांगलं दिसायला गेली.

यशवंतरावांकडेही ती गेली, जायची लाज वाटत असून गेली. त्यांनी चहा मागवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, राजकोटचा माल चांगला येतोय. आणि आतली गोष्ट सांगतो, पुढच्या मॉडेलला किकच नाहीये." ती उठली तसे तेही उठले आणि तिला दारापर्यंत सोडायला आले. असं ते आधी कधी आले नव्हते.

मग राहिलं काय? आवराआवर. वर्षालीला तळवड्यातच दुसरीकडे नोकरी मिळाली. पोरं कोणी चाकणला, कोणी रांजणगावला, कंत्राटावर का होईना, लागली. सुरेंद्र एका शब्दाने बोलला नाही. त्याने एकदा तरी बोट दाखवावं, तू गळा दाबलास म्हणावं, असं चित्राला वाटायचं. म्हणजे तिला भांडता तरी आलं असतं. तो नुसता तिच्या ताटात भाजी वाढायचा आणि खा म्हणायचा.

राहता राहिला भैरू. त्याच्यासाठी चित्राने चार ठिकाणी शब्द टाकला. ते म्हणाले, वय फार झालं. नाहीतर म्हणाले, बाई, आता हाताने कोण काम करतं, आमच्याकडे बटणं दाबणारी पोरं हवीत. पीस बघा तरी त्यांचा, ती म्हणायची. पीस बघायला कोणाला वेळ नव्हता.

मशीनं न्यायला टेम्पो आला त्या दिवशी दुपारी भैरू केबिनच्या दारात उभा राहिला. अंगावर धुतलेला शर्ट होता.

"वैनी, एक इचारू का?"

"विचारा ना."

"माझ्या हातात काही कमी पडलं का? खरं सांगा. त्या साहेबानं एवढं कौतुक केलं आन् मंग कामच गेलं. रातंदिस त्योच ध्यास लागलाय मला. पोरं म्हणतेत, भैरूमामा, तुमचं वय झालं, हात थरथरला आसंल."

चित्रा खुर्चीवरून उठली. "नाही हो भैरूभाऊ. असं मनातसुद्धा आणू नका."

"म्हणून म्या पुन्हा एक करून पाह्यला." त्याने खिशातून फडकं काढलं आणि उलगडलं. आत शाफ्ट होता. "ग्राइंडर हालवायच्या आधी करून घेतला. जाता जाता वर्षालीनं मोजून दिला. पहिल्या पाचांपेक्षा चांगला हाय वैनी. लई चांगला. हा दाखवा त्यांना. आता त्यांना न्हाई म्हणता यायचं न्हाई."

तिने तो हातात घेतला. इतकी सुंदर वस्तू त्या शेडमध्ये कधी बनली नव्हती. तिला सुरेंद्रचं आठवलं, सांगू नकोस, मोडून पडेल. पण हा माणूस उरलेलं आयुष्य आपल्या हातात खोट शोधत बसणार, हे तिला सहन होईना. तिने त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पहिल्या ड्रॉइंगमध्ये आपला रोजचा माल बसत होता. पाच पीस फार चांगले झाले म्हणून त्यांनी आकडा आवळला, आणि आवळलेला आकडा आपल्या मशीनला झेपला नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "डोळे दिपवा, असं मीच म्हणाले तुम्हाला. तुमचा हात चांगला म्हणून शेड गेली, भैरूभाऊ, वाईट म्हणून नाही."

बाहेर टेम्पोवाला आणि सुरेंद्र दोरखंड कुठून बांधायचा यावर बोलत होते.

"मंग सांगायचं हुतं की वैनी," भैरू म्हणाला. "जरा कमी चांगलं कर म्हणून."

"सांगितलं असतं तर केलं असतंत?"

त्याने खरोखर विचार केला. खाली बघून, स्वतःचे तळवे उलटेपालटे करून विचार केला. "न्हाई," तो म्हणाला. "न्हाई जमलं आसतं मला."

मग त्याने तिच्या हातातून शाफ्ट परत घेतला आणि तो बाहेर गेला. दारापाशी लाल टोपलं होतं, बाद झालेला माल टाकायचं. भंगारवाला सगळ्यात शेवटी ते नेणार होता. इतक्या वर्षांत भैरूच्या हातचा एकही पीस त्यात पडला नव्हता. त्याने वाकून शाफ्ट त्यात हळूच ठेवला, आवाज होऊ न देता, आणि फडक्याची घडी घालून ते खिशात ठेवलं.

"येतो वैनी," तो म्हणाला आणि टेम्पो भरायला हात लावायला गेला.